दुकान वाढव

"पोरी, दुकान वाढव," तात्या म्हणाले, आणि पुढचं काही बोलायच्या आत सिस्टरनी त्यांच्या तोंडात थर्मामीटर खुपसला.

तो निघेपर्यंत भेटायची वेळ संपली. वॉर्डातल्या मावशींनी आम्हा सगळ्यांना कोंबड्या हाकलाव्यात तसं दाराबाहेर काढलं. दारातून मी मागे वळून पाहिलं, तर तात्या माझ्याकडेच बघत होते. समजलं म्हणून मी मान डोलावली. त्यांनीही डोलावली. या डोलावण्यानं आमच्या घरात पुढचे नऊ महिने जो घोळ घातला, तो मी आजवर बाहेर कुणाला सांगितलेला नाही.

ही २१ जानेवारी २००८ची गोष्ट, सोमवारची. दुपारचा एक वाजला होता, मिरजेचं इस्पितळ होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तात्यांची बायपास होती.

तात्या म्हणजे माझे सासरे, विश्वनाथ कोपर्डे. सांगलीत हरभट रोडला त्यांचं चाळीस वर्षं भांड्यांचं दुकान होतं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी गाळा विकला आणि आलेला बराचसा पैसा शेअरमध्ये घातला. दुकानदाराला पेन्शन नसते. तात्या आणि आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, दोघांचं म्हातारपण त्या पैशांवर होतं, आणि मुलापुढे हात पसरायचा नाही हे तात्यांचं ठरलेलं होतं.

पण गाळा गेला तरी दुकान काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. सकाळी दहाला पाच कमी असताना ते अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून घरातल्या कॉम्प्युटरपुढे बसायचे. शेअरला ते माल म्हणायचे आणि सगळ्या शेअरांना मिळून दुकान. एखादी सिमेंटची कंपनी दोन दिवस हलली नाही, की "आज पितळेला गिऱ्हाईक नाही" असं आक्कांना सांगायचे. माझा नवरा अभय साखर कारखान्यात केमिस्ट. त्याच्या लेखी हा सगळा जुगार होता. त्यामुळे तात्यांची चेली मीच. मी त्यांना माऊस धरायला शिकवलं आणि त्यांनी मला ताळेबंद वाचायला. बँकेचं खातं आणि शेअरचं खातं, दोन्हींवर त्यांनी स्वतःच्या जोडीला माझं नाव घातलं होतं. सुनेचं नाव, मुलाचं नाही, यावर नात्यात बरीच कुजबुज झाली होती. मला मात्र त्याचा केवढा अभिमान होता.

बँकेत चार लाख वेगळे होते. त्यांना हात लावायचा नाही. ते कशासाठी, असं मी एकदा विचारलं, तेव्हा तात्या म्हणाले होते की पडझड झाली की सगळे पळत सुटतात, तेव्हा आपण माल भरायचा.

आणि त्या सोमवारी पडझड चालू होती. बाजार सकाळपासून कोसळत होता. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा मुलगा फोनवर मोठमोठ्यानं आकडे सांगत होता, तात्या डोळे मिटून सगळं ऐकत होते, आणि मग डोळे उघडून मला म्हणाले होते, दुकान वाढव. माझ्या मनात शंकेला जागाच नव्हती.

इस्पितळाच्या पायऱ्यांवरून मी ब्रोकरच्या ऑफिसात मानेंना फोन लावला. माने आमच्या ऑर्डरी घ्यायचे. त्यांचा आवाज घसा बसल्यासारखा येत होता. मी म्हटलं, चार लाखांचा माल घ्यायचाय, आहेत त्याच कंपन्यांचा, थोडा थोडा सगळ्यांतला.

त्यांनी उलट विचारलं, "वैनी, आज? सकाळपासनं विकणाऱ्यांचेच फोन चाललेत. तात्यांना विचारलंय का?"

"त्यांनीच सांगितलंय. आत्ता, माझ्यासमोर. वाढवायचं म्हणाले."

"मग काय बोलायचं. छातीचा माणूस," माने म्हणाले. ती छाती उद्या दहाला उघडणार होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दोनपर्यंत सगळी खरेदी झाली. बाजार बंद होईतो तोच माल आणखी खाली आला. पण तात्यांचा शब्द आहे, म्हणून मी मानेंना परत फोन केला नाही.

मंगळवारी सकाळी तात्यांना आत नेलं. बाहेरच्या बाकड्यावर अभय, आक्का आणि मी. भिंतीवर टीव्ही होता. बाजार उघडला आणि काही मिनिटांतच इतका खाली गेला की व्यवहारच थांबवले, तासभरासाठी. बाकड्यांवरची चारसहा माणसं उठून टीव्हीखाली गेली. मी जागची हलले नाही. अभयनं विचारलं, "तात्यांच्या शेअरांचं काय?" मी म्हटलं, बघतेय मी. कालच्या मालाचा, बुधवारी द्यायचा चार लाखांचा चेक माझ्या पर्समध्ये लिहून तयार होता.

बारा वाजता डॉक्टरांचा निरोप आला, अजून दोन-तीन तास लागतील.  आक्का मला म्हणाल्या, "सुमेधा, सांगलीला जाऊन गणपतीला एक नारळ वाढवून येतेस का?"

मी रिक्षानं निघाले. नारळ घ्यायला सवयीनं हरभट रोडलाच उतरले. तात्यांच्या जुन्या गाळ्याला लागून बोरगावे काकांचं पूजासाहित्याचं दुकान. दुपारचा एक होत आला होता आणि काका शटर अर्धं खाली ओढून बाहेरचे स्टूल आत सरकवत होते.

"काका, एक नारळ हवा होता."

"वाढवलं की गं दुकान आत्ताच," ते म्हणाले, मग माझं तोंड बघून थांबले. "विश्वनाथचं आज आहे ना? थांब, देतो."

ते वाकून आत गेले. मी रस्त्यातच उभी होते. आमच्या घरी, म्हणजे माझ्या माहेरी, वाढायचं ते ताटात आणि वाढवायचा तो नारळ. वडील वीज मंडळात, आम्ही राहायला कोराडीच्या वसाहतीत. तिथलं सहकारी भांडार आठ वाजता बंद व्हायचं, आणि आम्ही त्याला बंदच म्हणायचो.

काका नारळ घेऊन आले. मी विचारलं, "काका, दुकान वाढवलं म्हणजे काय?"

"म्हणजे मिटलं, आवरलं. बंद असं म्हणत नाहीत दुकानाला, वाईट दिसतं. तुझा सासरा चाळीस वर्षं रात्री शटर ओढताना हाळी द्यायचा. बोरगावे, मी वाढवतो हो, म्हणायचा." ते हसले. "त्याच्या हाळीवर मी वाढवायचो."

मी पैसे दिले का नाही, मला आठवत नाही.

तात्या म्हणाले होते, सगळं विकून टाक. उद्या मला आत नेतायत, बाजार पडतोय, माझ्यामागे आक्काला चिंता नको, आवर सगळं. आणि मी होतं ते आवरायचं सोडून राखलेले चार लाखही त्यात ओतले होते. बाजार बंद व्हायला अजून अडीच तास होते. मानेंचा फोन लागेना. लावला की एंगेज, लावला की एंगेज. नारळ हातात घेऊन मी चालत सुटले. ब्रोकरचं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर, पण त्या दहा मिनिटांत मी तीनदा चप्पल तुटता तुटता सावरले.

ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. पण एरवी असतो तसला कलकलाट नव्हता. माणसं पडद्याकडे बघत नुसती उभी होती. एक ओळखीचे निवृत्त मास्तर खुर्चीत बसून स्वतःच्या चपलांकडे बघत होते. मानेंनी मला पाहिलं आणि कानाचा फोन बाजूला धरला.

"सावरतंय थोडं वैनी. सकाळच्यापेक्षा बरं आहे. काय करू, बोला पटकन."

सगळं विका, एवढे दोन शब्द होते. ओठांवर आले होते. आदल्या दिवशीच्या मानानं लाखभर रुपये अंगावर आले असते, पण बाकीचे वाचले असते आणि तात्यांचा शब्द राहिला असता. माने माझ्याकडे बघत होते. मी नारळ दोन्ही हातांनी धरला होता.

"काही नको," मी म्हटलं.

का नको, ते मानेंनी विचारलं नाही आणि मीही तेव्हा कुणाला सांगितलं नाही. तिथून देवळात गेले आणि नारळ वाढवला. सव्वादोनला अभयचा फोन आला, तात्यांना बाहेर आणलंय, सगळं नीट झालंय. मी देवळाच्या ओवरीत बसून मोठ्यानं रडले.

पाचव्या दिवशी अतिदक्षता विभागात मला दोन मिनिटं आत सोडलं. डॉक्टरांनी दारातच बजावलं होतं, पैशांचा विषय नको, कसलाही धक्का नको. तात्या उशीत बुडाले होते, चेहरा मूठभर झाला होता. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल, तर हेच.

"वाढवलंस?"

"वाढवलं, तात्या."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला स्पष्ट दिसला. मी खोटं बोलले नव्हते, आणि याहून मोठं खोटं मी जन्मात कधी बोलले नव्हते.

घरी आल्यावर अभयनं डॉक्टरांच्या सांगण्यावरून कॉम्प्युटर माळ्यावर टाकला. तात्यांनीही हट्ट केला नाही. त्यांच्या लेखी दुकान आवरलेलं होतं आणि पैसे बँकेत होते. मध्ये बाजार थोडा वर आला, पुन्हा घसरला, पुन्हा थोडा आला. मी रोज सकाळी पेपर घेऊन न्हाणीघरात जायची, कडी लावायची, भाव बघायची आणि तोंड धुऊन बाहेर यायची. मुद्दलाएवढं झालं की विकायचं, पैसे बँकेत टाकायचे, मग कुणाला काही कळायचं कारण नाही. असा माझा हिशेब होता आणि बाजार माझ्या हिशेबानं चालत नव्हता. अभयला सांगावं असं रोज वाटायचं. पण त्याला सांगणं म्हणजे तात्यांना सांगणं, त्याच्या पोटात काही राहत नाही.

सगळ्यांत वाईट वेळ संध्याकाळची. तात्यांना भेटायला माणसं यायची, त्यांतली निम्मी बाजारात पोळलेली. कुणी घर बांधायचे पैसे घालवले, कुणी फंडाचे. तात्या त्यांना ऐकवायचे, "आमचं वेळेत वाढवलं. ही नसती तर आम्ही दोघं उघड्यावर होतो." आणि माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मी चहाचे कप गोळा करून आत पळायची. 

टपालाचीही धास्ती होती. कंपन्यांचे अहवाल, डिव्हिडंडचे चेक, सगळं तात्यांच्या नावानं घरी यायचं. पोस्टमनला मी सांगून ठेवलं होतं, टपाल माझ्याच हातात द्यायचं, तात्यांना जिना उतरायला लावायचं नाही. जुलैअखेरपर्यंत ते जमलं. ऑगस्टमध्ये माझ्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मला पाच दिवस कोराडीला जावं लागलं.

परत आले तर घरात काही वेगळं दिसत नव्हतं. तात्यांची तब्येत सुधारली होती, ते खाली चौकापर्यंत फिरून येत होते. फक्त दोन गोष्टी बदलल्या होत्या. संध्याकाळी लोकांसमोर माझं कौतुक बंद झालं होतं. मला हायसंच वाटलं. आणि जेवायला बसले की तात्या म्हणायचे, "आक्का, तू वाढ." लग्नापासून तात्यांचं ताट मी वाढत आले होते. मी आमटीची पळी घेऊन उभी राहिले, तर ते पानावर हात आडवा धरायचे आणि आक्कांकडे बघायचे. पथ्याचं आक्कांना जास्त कळतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. सप्टेंबर गेला. बाजार पुन्हा जोरात पडू लागला. ऑक्टोबरात परदेशातली मोठी बँक बुडाल्याच्या बातम्या शिळ्या झाल्या होत्या आणि पंधरा लाखांचा आमचा माल सात लाखांवर आला होता. न्हाणीघरात मी पेपर वाचायचीही बंद झाले, कारण वाचून बाहेर आल्यावर तोंड लपवायला जागा नव्हती.

मग लक्ष्मीपूजन आलं. दिवेलागणीला आक्कांनी चौरंग मांडला. तात्या सोवळं नेसून पाटावर बसले, हळद-कुंकवाची वाटी पुढे ओढली आणि म्हणाले, "सुमेधा, पासबुक आण. पूजेला ठेवायचंय."

दुकान होतं तेव्हा या पूजेला दुकानाची वही असायची. गाळा विकल्यापासून पासबुक ठेवत होते. माझ्या हे कसं ध्यानात आलं नाही, कोण जाणे. मी कपाटापाशी गेले. पासबुकात दोन हजार तीनशे सोळा रुपये होते. भरून घ्यायला बँकेत दिलंय, असं सांगता आलं असतं. वाक्य तयारही झालं होतं. पण पासबुक हातात होतं, आणि आक्का समईत वात सारत होत्या, आणि मला ते आता होईना. मी परत येऊन पाटासमोर खाली बसले.

"तात्या, यात पैसे नाहीत. मी विकलं नव्हतं. तुम्ही वाढव म्हणालात, मला वाटलं आणखी घे. मी चार लाखांचा माल घेतला. सगळं मिळून पंधरा लाखांचं आता सातवर आलंय."

आक्कांचा हात वातीवरच थांबला. अभय दाराशी आकाशकंदिलाची वायर धरून उभा होता, तो तसाच राहिला.  तात्यांनी शेजारचा पूजेचा डबा उघडला, तळातून एक पाकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. आत दोन कंपन्यांचे डिव्हिडंडचे चेक होते. तारखा ऑगस्टमधल्या.

"मिटलेल्या दुकानाला डिव्हिडंड येतो होय?" तात्या म्हणाले. "तू कोराडीला होतीस. पोस्टमननं दिले. चेकांवर माझ्या मालाचे नगही लिहिलेले होते. जानेवारीपेक्षा जास्त."

मला वर बघवेना.

"अर्थ चुकला, त्याचा मला राग नाही," ते म्हणाले. "तो शब्द माझ्या दुकानाचा होता. तू त्या दुकानात कधी उभी राहिली नव्हतीस. फोड करून सांगायला हवं होतं मी. एका दिवसाची चूक ती. पण नंतर नऊ महिने?"

"डॉक्टर म्हणाले होते, धक्का..."

"डॉक्टर जूनमध्येच म्हणाले, जिने चढा. आणि मी लोकांपुढं तुझी आरती ओवाळत होतो तेव्हा तू कप उचलत होतीस. आठ लाख गेले त्याचं वाईट वाटतंय मला. तिकडं आत उशीवर डोकं टेकून मी निश्चिंत झालो होतो, ते खोटं होतं, त्याचं जास्त वाटतंय."

सोमवारची चूक त्यांना माहीत होती. मंगळवारचं त्यांना ठाऊक नव्हतं. आता काही झाकून ठेवायचं नव्हतं, म्हणून तेही सांगितलं. बोरगावे काका, अर्धं शटर, मानेंचं ऑफिस.

"मला मंगळवारी दुपारीच अर्थ कळला होता, तात्या. विकता येत होतं. माने समोर फोन धरून उभे होते."

तात्यांचे डोळे बारीक झाले. "मग का नाही विकलंस?"

"तुम्ही आत होतात," मी म्हटलं. "तुमचं दुकान मी मिटवलं असतं, तर तुम्ही बाहेर येणार नाही असं वाटलं मला. दुसरं काही नव्हतं मनात. भाव नव्हता, काही नव्हतं."

 खाली गल्लीत कुणीतरी भुईचक्र लावलं, त्याचा उजेड भिंतीवर फिरला आणि गेला. तात्यांनी माझ्या हातातून पासबुक घेतलं. ते उघडून, आकडा बघून, त्यांनी ते चौरंगावर ठेवलं, बोट कुंकवात बुडवलं आणि पहिल्या पानावर स्वस्तिक काढलं. एक रेघ तिरकी गेली. मग दोन्ही चेक त्यावर ठेवले, हळद-कुंकू वाहिलं. आक्कांनी आरतीचं तबक पुढे केलं.

तो माल मुद्दलाला यायला पुढे दोन वर्षं लागली, आणि त्यातली एक कंपनी तर कायमचीच गेली. तोवर आक्का आणि तात्यांनी देवदर्शनाचा ठरलेला प्रवास केला नाही, आणि तात्यांनी अभयकडून महिन्याचे पैसे घेतले, दर महिन्याला मान खाली घालून. ते माझ्यामुळे. हे मी माझ्या हिशेबातून कधी वजा केलेलं नाही.

पण हे पुढचं. त्या संध्याकाळी आरती झाली, आक्कांनी पानं मांडली. तात्या भिंतीला हात टेकत पाटावरून उठले आणि जेवणाच्या पाटावर येऊन बसले. आक्का भाताचं पातेलं घेऊन वाकल्या. तात्यांनी पानावर हात आडवा धरला. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, माझं ते रोजचं झालं होतं, मी आत वळले.

"सुमेधा," तात्यांनी हाक मारली. "तू वाढ."

मी आक्कांच्या हातातून पातेलं घेतलं. तात्यांनी पानावरचा हात बाजूला केला, आणि मी भात वाढला.